समोरच्या बाजूला एक नक्कल

"नमस्कार वकीलसायेब," हवालदार म्हणाला, "तुमचा कागूद लई उपेगी पडला बघा. शनवार म्हणून लिवला हुतासा, शनवारीच घावला."

सकाळचे अकरा वाजले होते. मार्तंड तेरदाळकर खडे बाजारात छत्रीची मोडकी काडी बदलून घेत उभा होता. हवालदाराच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. तुमच्या काढ्यानं पडसं गेलं असं माणूस वैद्याला ज्या सुरात सांगतो, त्या सुरात तो बोलला होता. त्याच्या मुठीत दोरी होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला शहापूरचा सिद्राम विणकर होता. सिद्रामच्या काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेलं साड्यांचं गाठोडं तसंच होतं. ते काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाजार आपला चालू होता. दोन बायका थांबून बघत होत्या, चोर कसा दिसतो ते. आपण आता काहीतरी मोठ्यानं बोलू, दोरीला हात घालू, निदान हवालदाराला एक शिवी देऊ, असं मार्तंडला वाटलं. तोंडातून आलं ते एवढंच: "कलम कोणतं?"

सिद्राम खाली मान घालून उभा होता, त्यानं मान वर केली आणि एकदा मार्तंडच्या तोंडाकडे बघून पुन्हा खाली घातली. "खोट्या शपथेचं," हवालदार म्हणाला. "तुमच्या कागदात खाट हाय म्हणून लिवलंय न्हवं? चौकीत खाटच न्हाय की ओ. पंचनामा झालाय. चल रं." दोरी ताणली गेली. छत्रीवाल्यानं छत्री उघडून दाखवली, मिटून दाखवली. मार्तंडनं ती घेतली आणि कोर्टाची वाट धरली, कारण शनिवार असला तरी बार रूम उघडी असते आणि वकिलाला लाज वाटली की तो बार रूममध्येच जातो; तिथं लाजेला सोबत मिळते.

कागद म्हणजे तसा मोठा ऐवज होता. मुंबईला लोकांचं नवं मंत्रिमंडळ आलं त्या वर्षी बेळगावच्या वकील मंडळींच्या अंगात वारं शिरलं. वीस वीस वर्षं ज्या न्यायाच्या जिवावर धोतरं आणि बंगले झाले, तो न्याय आतून किडलेला आहे हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. मग फौजदारी न्याय सुधारणा समिती निघाली. अध्यक्ष दत्तोपंत. निपाणीच्या तंबाखूवाल्यांचे दावे लढवून लढवून दत्तोपंतांचा आवाजच जर्द्यासारखा झाला होता, आणि तो आवाज ते आता 'मानवी प्रतिष्ठा' वगैरे शब्दांसाठी वापरायला लागले. चिटणीस मार्तंड, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं आणि पक्षकार कमी होते. दर बुधवारी कोर्ट उठल्यावर पाच जण बसत, कुंदा खात आणि पोलीस चौकीत कबुलीजबाब कसे घेतले जातात यावर सरकारला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा करत. मसुदा चांगला होता. सूचना चांगल्या होत्या: आरोपीला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं, आधी डॉक्टरनं तपासावं, कबुली घेताना वकील हजर असावा. पण तेरा पानांत एक माणूस नव्हता. "हे सगळं हवेत आहे मार्तंडराव," दत्तोपंत म्हणाले होते, "याला परिशिष्ट पाहिजे. जिवंत परिशिष्ट."

जिवंत परिशिष्ट मार्तंडनं शोधून आणलं. सिद्रामचा खटला त्यानं सेशन कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकला होता. बेळगावातल्या एका व्यापाऱ्याच्या वखारीतून रेशमाच्या लडी गेल्या. त्या वखारीत साड्या द्यायला येणारा म्हणून सिद्रामला धरलं. सात दिवस चौकीत ठेवल्यावर त्यानं गुन्हा कबूल केला. आणि पुढे लडी भलत्याकडेच सापडल्या म्हणून जज्जसाहेबांनी त्याला सोडून दिलं. सुटला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होती. जज्जसाहेबांनी ती पाहिली नाहीत, कारण ती कुणी दाखवली नाहीत. मार्तंडनं पाहिली. तो तीनदा शहापूरला गेला. शहापूर म्हणजे सांगली संस्थानची हद्द. बेळगावातून पायी निघालं तर पान चघळून संपायच्या आत माणूस इंग्रजाच्या राज्यातून संस्थानात जातो. पोलिसाला मात्र तेवढ्या वाटेसाठी सांगलीकडे पत्र लिहावं लागतं, उत्तराची वाट बघावी लागते. म्हणून सुटून आल्यावर सिद्राम खासबागेच्या वाटेवरच्या आपल्या घरात, मागाच्या खड्ड्याशेजारी निर्धास्त बसला होता. घरात बसलेल्या त्या माणसाला मार्तंडनं समजावलं. "तुझी बोटं गेली ती गेली. पण तू बोललास तर पुढच्याची वाचतील." हे वाक्य त्यानं जाताना वाटेतच घोकलं होतं.

सिद्रामची बायको सोनाबाई तेव्हाच म्हणाली होती, "पुढचा कोण? आमच्या वळखीचा हाय का?" मार्तंड हसला होता. समाजकार्य करणारा माणूस असल्या प्रश्नाला हसतो. ती हसली नव्हती. नवऱ्याच्या बोटांना धोटा पेलेना म्हणून तीच मागावर बसत होती, आणि बसल्या जागेवरून एखाद्या सावकाराच्या माणसाकडे बघावं तशी मार्तंडकडे बघत होती. "सुटून आल्यात न्हवं? मग आता परत कोर्टाचं नाव कशाला काडतासा?" सिद्राम मात्र बोलला. एकदा बोलायला लागला तेव्हा थांबेना. त्याला वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "फौजदारसायेबांनी माजी बोटं खाटंच्या पायाबुडी ठेवाय लावली आन् खाटंवर बसून पान लावलं. चुना लावला, कात घातला, सुपारी फोडली. पान खाऊन झाल्यावर उटलं." मार्तंडची लेखणी थरथरली. ती दयेनं थरथरली असं त्यानं पुढे समितीत सांगितलं आणि समितीनं ते मानलं. खरं म्हणजे त्याला आनंद झाला होता. असलं वाक्य बसून सुचत नाही, ते मिळावं लागतं. आणि ते आपल्याला मिळालं. रात्री जेवताना त्यानं ते इंदुताईला, आपल्या बायकोला, वाचून दाखवलं तेव्हा तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आणि हे वाचताना तुम्ही हसताय काय?" तो हसत नव्हता. पण तोंड तसं झालं असेल.

त्या वाक्यात त्यानं एक अक्षर फिरवलं नाही. हे त्याचं व्यसन वडिलांपासून आलेलं. वडील गोकाकच्या कोर्टात नक्कलनवीस होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कागद उतरवले. मूळ कागदात चूक असेल तर चुकीसकट उतरवायचे, आणि लहानग्या मार्तंडला जवळ बसवून सांगायचे, की नक्कल करणाऱ्याला मत नसतं. एकदा कुणा विधवेच्या अर्जात जमिनीचा सर्व्हे नंबर उघड उघड चुकला होता. वडिलांना ते कळलं, ते दिवसभर अस्वस्थ होते, आईनं विचारलंही, पण संध्याकाळी त्यांनी चुकीचाच नंबर सुंदर अक्षरात उतरवला आणि तिची जमीन गेली. घरात याचा अभिमान होता! मार्तंडच्या मुंजीत मामांनी ही गोष्ट चार लोकांत सांगितली होती. मार्तंडला ती लहानपणी धर्मराजाच्या गोष्टीसारखी वाटे. आता बार रूमच्या वाटेवर छत्री बगलेत धरून चालताना त्याला पहिल्यांदाच त्या विधवेचं नाव काय असेल असा प्रश्न पडला, आणि वडिलांचा संताप आला. मेलेल्या माणसाचा संताप फार सोयीचा असतो. तो उलट बोलत नाही.

कारण सिद्रामच्या नावे केलेल्या त्या प्रतिज्ञापत्रात मार्तंडनं आपलं म्हणून एकच वाक्य घातलं होतं. खाटेचं वाक्य सिद्रामचं, पानाचं सिद्रामचं. पण साक्षीदार अब्रूदार आहे हे दाखवायला हवं. वकिलाला ते दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला, हे सगळं झाल्यावर त्यानं लिहिलं: 'अर्जदार हा नियमित वर्तणुकीचा इसम असून दर शनिवारी सकाळी दहा वाजता खडे बाजारात व्यापाऱ्याकडे विणलेला माल पोचता करतो.' लिहिताना त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. रिकामटेकडा माणूस शनिवार पाळत नाही. आणि मग सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. निवेदन मुंबईला रवाना करायच्या आधीच्या बुधवारी मार्तंड उठून म्हणाला, "समोरच्या बाजूला नक्कल दिली पाहिजे. आपण निनावी अर्ज करणारे नव्हेत. कोर्टात एक कागद दाखल करायचा तर विरुद्ध पक्षाला त्याची प्रत आधी देतो, मग इथं का नको?" दत्तोपंतांनी टेबलावर हात मारला. "याला म्हणतात वकील! अहो, मैदानात लढायचं तर मैदानातच." पाचही जणांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपण किती सरळ माणसं आहोत, असा एक गोड विचार कुंद्याबरोबर सगळ्यांच्या गळ्याखाली उतरला. परिशिष्टासकट एक सुबक प्रत मार्तंड स्वतः पोलीस कचेरीत देऊन आला. तिथल्या कारकुनानं पोच दिली. मार्तंडनं ती घडी करून जपून ठेवली होती.

बार रूममध्ये दत्तोपंत वर्तमानपत्र वाचत होते. मार्तंडनं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण." हे कुणाला लावायचं ते त्यांनी सांगितलं नाही. "त्याचं वकीलपत्र घेऊ या आपण," मार्तंड म्हणाला. "आपण म्हणजे कोण? समिती?" दत्तोपंतांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "समिती पक्षकार घेत नाही मार्तंडराव. आज एकाचं घेतलं तर निवेदन निवेदन राहत नाही, ते त्या एकाचं प्रकरण होतं. आणि तुम्हाला तर उभंच राहता येणार नाही. लिहून तुम्ही घेतलंत, तुम्ही साक्षीदार." यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. दत्तोपंतांचं बोलणं नेहमी बरोबर असे. तासभर ऐकलं की माणसाला कुठंतरी चूक करावीशी वाटे. "बिचारा आहे हो," दत्तोपंत पुढे म्हणाले, "पण निवेदनाला एका अर्थानं बळकटीच येते. छळ कसा होतो ते आता दिसलं." मार्तंडला त्या क्षणी या म्हाताऱ्याचा जितका द्वेष वाटला तितका फौजदाराचाही वाटला नव्हता. पण फौजदाराला त्यानं कधी जवळून बघितलं नव्हतं, आणि द्वेष करायला माणूस जवळचा लागतो.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सोनाबाई टिळकवाडीत त्याच्या घरी आली. इंदुताईनं पाट दिला, पाणी दिलं. ती पाटावर बसली नाही आणि पाण्याला शिवली नाही. पायरीवर उकिडवी बसून तिनं सरळ सांगितलं. निपाणीच्या आण्णाप्पा वकिलांनी काम घेतलंय. ते म्हणतात, वाट एकच आहे. "तुमी सायबाम्होरं म्हणायचं, कागूद म्या माज्या मनानं लिवला. ह्यास्नी वाचूनबी दाखवला न्हाई. ह्येंनी नुस्ता आंगठा उटवला. मग ह्येंच्याकडं कायबी ऱ्हात न्हाई म्हणत्यात वकील."

"पण ते खरं नाही," मार्तंड म्हणाला.

"मग? खाट तर कुटं खरी ऱ्हायली? उचलून न्हेली त्येंनी. खऱ्याचं काय लोणचं घालायचं हाय?"

"माझ्यावर बालंट येईल बाई. खोटं प्रतिज्ञापत्र रचलं म्हणून."

"यील की," सोनाबाई म्हणाली. "आमच्यावर आलं. तुमी आमच्या दारात तीन डाव आलासा. म्या बोलवाय आल्ते का? ह्ये घरात बसलं हुतं बिचारं. तुमीच बोलाय लावलासा, तुमीच शनवार लिवलासा, तुमीच न्हेऊन पोलिसाच्या हातात दिलासा. आता तुमीच म्हणा, म्या लिवलं. त्यात खोटं तरी काय हाय?"

तिला शनिवारचं कसं कळलं हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही. सगळ्या शहापूरला कळलं असणार. इंदुताई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्या दोन बायकांच्या मध्ये आपण एखाद्या शाळकरी पोरासारखे उभे आहोत, हातात चोरलेला पेरू आहे, असं त्याला वाटलं आणि राग आला, दोघींचाही. "म्हणेन," तो म्हणाला. "मी लिहिलं म्हणून सांगेन." सोनाबाई उठली. तिनं आभार मानले नाहीत, नमस्कार केला नाही. फाटकापाशी जाऊन म्हणाली, "बगू." ती गेल्यावर इंदुताई म्हणाली, "शब्द दिलात, पाळा." तो म्हणाला, "तुला सनद जाणं म्हणजे काय ते कळतं का?" ती म्हणाली, "मला बोटं जाणं कळतं," आणि आत गेली.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मार्तंड मनातल्या मनात साक्ष देत होता. आंघोळ करताना, कोर्टात दुसऱ्याचं काम चालू असताना, रेल्वे फाटकाशी गाडी जायची वाट बघताना. कधी तो फार थोर असे: मजकूर माझा आहे, शिक्षा मला द्या! कोर्ट स्तब्ध होई, दत्तोपंतांचा चष्मा गळून पडे. कधी तो बारीक कातीव बोले, असं की खोटंही नाही आणि खरंही नाही: 'भाषा माझी आहे, अर्थाबद्दल मी काही सांगू शकत नाही.' पण सगळ्या साक्षींच्या शेवटी हायकोर्टातून आलेलं एक पत्र असे आणि त्यात सनद रद्द. मग काय? गोकाकला जाऊन दुकान? नक्कलनविशी? या वयात? त्याला मुलं नव्हती, पोटाला लागणार होतं किती. भीती पोटाची नव्हतीच. बार रूमच्या दारातून तो आत येतो आणि कुणीही बाकावर सरकून जागा करत नाही, हे त्याला दिसे. जगात कुणी कुणाला मारत नाही, नुसतं सरकत नाही, आणि तेवढ्यानं माणूस मरतो. हे विचार केल्यावर तो सिद्रामचा विचार करी आणि त्याच्या ध्यानात येई की सिद्रामचा चेहरा आपल्याला नीट आठवत नाही. बोटं आठवत होती. मग त्याला सिद्रामचाच राग येई. नाही म्हणाला असता तर! दोनदा नाही म्हणाला होता, तिसऱ्यांदा काय झालं होतं? गरीब माणसाला ठाम राहता येत नाही आणि मग त्याचं ओझं आपल्या मानगुटीवर बसतं. असा विचार आपण केला हे ध्यानात येऊन तो रस्त्यातच थांबे आणि स्वतःला एक घाणेरडी शिवी देई. तिनं बरं वाटे. पुन्हा चालू लागे.

एका दुपारी तो चौकीवरून गेला. मुद्दाम गेला. दार उघडं होतं. आत एक टेबल, एक बाक, भिंतीवर हातकड्यांची खुंटी. खाट नव्हती. मात्र शेणानं सारवलेल्या जमिनीवर चार ठिकाणी जुने गोल खळगे होते, वर्षानुवर्षं जड काहीतरी एका जागी उभं असल्यासारखे. पंचनाम्यात खळगे नव्हते. पंचांना खाट आहे का ते बघायला सांगितलं होतं; खळगे बघायला सांगितलं नव्हतं. हे सांगावं कुणाला तरी, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं: चार खळग्यांनी पंचनामा मोडत नाही, पण ते सांगितले की कागद सिद्रामचाच ठरतो. आण्णाप्पा वकिलांची वाट बुजते. तो घरी आला. खळगे त्यानं कुणालाही सांगितले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की त्या एका गोष्टीत आपण सिद्रामशी इमान राखलं.

साक्षीच्या दिवशी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात गर्दी नव्हती. दत्तोपंत आणि समितीचे दोघे मागे येऊन बसले होते. सिद्राम पिंजऱ्यात उभा होता. दाढी वाढली होती. सोनाबाई दाराशी, शिपायानं हटकलं तरी न हलता. मार्तंडनं शपथ घेतली. ईश्वरसाक्ष खरं सांगेन. हे शब्द त्यानं हजारदा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, कंटाळून, घड्याळाकडे बघत. स्वतःच्या तोंडात ते प्रथमच आले आणि त्यांना चव असते हे कळलं, लोखंडासारखी. आण्णाप्पा वकील उठले. गोरेगोमटे, घामेजलेले, भले गृहस्थ. त्यांनी कागद वर धरला. "वकीलसाहेब, हे अक्षर आपलं?" "माझं." "या माणसाला लिहिता-वाचता येतं?" "नाही." "मग हा मजकूर," आण्णाप्पांनी आवाज हळू केला, जवळजवळ मायेनं, "हा मजकूर आरोपीनं सांगितला, की आपण आपल्या समितीच्या कामासाठी रचलात?"

हे दार उघडं होतं. दोन शब्द म्हणायचे होते. मार्तंडनं तोंड उघडलं. मॅजिस्ट्रेटचा टाक दौतीतून निघून कागदावर थांबला होता आणि त्याच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. मागच्या बाकावर दत्तोपंत किंचित पुढे झुकले. तेवढंच झालं; एक म्हातारा बाकावर दोन बोटं पुढे झुकला. मार्तंडला बार रूम दिसली, तो बाक दिसला. आणि त्याच वेळी, याहूनही वाईट, ते पानाचं वाक्य दिसलं, आपल्या अक्षरात, वर धरलेलं, आणि ते रचलेलं म्हणून सांगायचं याची त्याला शरम वाटली. इतकं खरं वाक्य. "शब्द न् शब्द त्याचा आहे," तो म्हणाला. आवाज चांगला लागला होता. "मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. मी माझं एक अक्षर घातलेलं नाही."

आण्णाप्पा वकील खाली बसले. टाक चालला. सरकारी वकिलानं उलटतपासणीसुद्धा केली नाही. त्याला जे हवं होतं ते आयतं ताटात पडलं होतं. मग मार्तंडला आठवलं आणि तो घाईघाईनं म्हणाला, "एक वाक्य माझं आहे साहेब. शनिवारचं. ते त्यानं सांगितलेलं नाही, ते मी घातलं." मॅजिस्ट्रेटनं टाक उचलला नाही. "ते गैरलागू आहे," तो म्हणाला. "उतरा खाली."

निकाल आठ दिवसांनी लागला. एक वर्ष सक्तमजुरी. शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं विचारलं तेव्हा सिद्राम म्हणाला, "खाट हुती सायेब." मॅजिस्ट्रेटनं तेही लिहून घेतलं असेल किंवा नसेल. त्या बुधवारी समिती भरली. दत्तोपंतांनी ठराव मांडला की चिटणीस श्री. तेरदाळकर यांनी कोणतीही भीड न बाळगता सत्य सांगून वकीलवर्गाची शान राखल्याबद्दल त्यांचं अभिनंदन करण्यात येत आहे. ठराव एकमतानं झाला. ठराव लिहायचं काम चिटणिसाचं. मार्तंडनं तो लिहिला, स्वच्छ, एकही खाडाखोड न करता. शाई वाळायच्या आत दत्तोपंत म्हणाले, "परिशिष्ट आता लंगडं झालं मार्तंडराव. निवेदन थांबवून ठेवलं ते बरं झालं, शिक्षा झालेल्याचा कागद मुंबईला काय पाठवायचा? दुसरा एखादा बघा." मार्तंड म्हणाला, "बघतो." म्हणाला खरा. मग त्यानं वही मिटली, टोपी घेतली आणि ऊन उतरायच्या आधीच चालत शहापूरला गेला. का गेला ते त्याला सांगता आलं नसतं. शिव्या खायला गेला असं म्हटलं तर ते फार मोठेपणाचं होईल. आपण खरं बोललो आहोत हे कुणीतरी खालच्या आवाजात कबूल करावं, असंही त्याच्या मनात असेल.

माग चालू होता. सोनाबाई खड्ड्यात बसली होती. त्याला बघून तिनं धोटा फेकायचा थांबवला नाही. तो दारातच उभा राहिला. गल्लीतली चारदोन माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली.

"मी खरं बोललो बाई," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "खरंच बोललासा. समद्यांनी आयकलं." धोटा गेला आणि परत आला. "मला त्येवडंच सांगा, खोटं बोलला असता तर तुमचं काय जाणार हुतं?"

या प्रश्नाला त्याच्याकडे खूप उत्तरं होती. शपथ होती, न्याय होता, निवेदन होतं, पुढचा माणूस होता. गेले कित्येक दिवस तो ती पाठ करत होता. त्यानं सगळी चाचपून पाहिली आणि एकही हाताला लागलं नाही. "सनद," तो म्हणाला.

"जमिनीची?"

"नाही. वकिलीची."

"त्यात काय लिवल्यालं असतंय?"

मार्तंडनं गल्लीकडे बघितलं. दारातली माणसं ऐकत होती. "दुसऱ्याच्या वतीनं कोर्टात बोलायची परवानगी," तो म्हणाला.

सोनाबाईचा हात थांबला. तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट, वेळ घेऊन बघितलं. आणि ती हसली. मोठ्यानं नाही. मग ती पुन्हा मागाकडे वळली.

"जावा आता," ती म्हणाली. "दारातनं बाजूला व्हा. उजेड अडतोय."